म्यूझस्कोअरमध्ये स्टाफमधलं उभं अंतर: मराठी शब्दांच्या कॉयर स्कोअरसाठी क्रमवार मार्गदर्शक

गाणं चार आवाजांत बसवलं, पियानो लिहिला, दोन्ही कडवी टाकली आणि पहिल्या पानावर एकच सिस्टिम (म्हणजे एकत्र वाचायच्या सगळ्या स्टाफची, पाच रेघांच्या पट्ट्यांची, एक ओळ) उरली. खाली अर्धं पान कोरं. दुसऱ्या पानावर पहिल्या कडव्यातल्या ‘सूर’चा ऊकार दुसऱ्या कडव्यातल्या ‘कीर्ती’च्या रफारात घुसलेला. अशा वेळी बहुतेक जण थेट पॅलेट उघडतात आणि दिसेल त्या बारला स्पेसर, म्हणजे जागा वाढवणारी खूण, लावत सुटतात. तासाभरात पान बरं दिसू लागतं. मग कुणीतरी सांगतं की सुरुवातीला दोन बार वाढवा, आणि सगळे स्पेसर भलत्याच सिस्टिममध्ये जाऊन बसतात.

उभं अंतर हे पानाच्या मांडणीत सगळ्यात शेवटी ठरतं. कागद, स्टाफचा आकार, शब्दांचा फॉन्ट आणि एका ओळीतले बार ही चार कारणं आधी पक्की केली की हाताने हलवायचं फार थोडं उरतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. इथे म्यूझस्कोअर स्टुडिओ ४ हा स्वरलेखनाचा प्रोग्राम धरला आहे. आवृत्तीनुसार एखाद्या पर्यायाचं नाव किंवा जागा थोडी वेगळी दिसेल. उदाहरण म्हणून सोप्रानो, आल्टो, टेनर, बास आणि पियानो असा सहा स्टाफचा, दोन कडव्यांचा स्कोअर घेतला आहे. गिरगाव-दादरच्या समूहगानापासून वसईच्या चर्चमधल्या मराठी गायनापर्यंत बहुतेक ठिकाणी हाच साचा लागतो.

## ०. सुरू करण्याआधी

नोट्स आणि शब्द पूर्ण असले पाहिजेत. निम्मे शब्द टाकून अंतर लावायला बसलात तर ते काम पुन्हा करावं लागेल. फाइलची वेगळ्या नावाने प्रत करा आणि काम त्या प्रतीवर करा.

पेज व्ह्यूमध्ये या. कंटिन्युअस व्ह्यूमध्ये सगळं गाणं एका लांब ओळीत दिसतं, त्यामुळे दोन सिस्टिममधलं अंतर कळायला मार्गच नाही. व्ह्यू मेनूमधून फॉरमॅटिंगच्या खुणा दिसू द्या, म्हणजे जुने ब्रेक आणि स्पेसर नजरेला पडतील.

आवाजांच्या स्टाफसाठी पी, एफ, क्रेशेंडोच्या खुणा हे सगळं स्टाफच्या वर न्या. खाली शब्द असतात. डायनॅमिक्स, म्हणजे या हळू-जोरात गाण्याच्या खुणाही, खालीच राहिल्या तर शब्दांची अख्खी ओळ खाली ढकलली जाते आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. खूण निवडून एक्स दाबलं की ती वर-खाली होते.

इशारा: शब्द लिहिताना कीबोर्ड मराठीवर असतो. तो तसाच ठेवून शॉर्टकट दाबले तर बहुतेक वेळा काहीच होत नाही किंवा भलतंच होतं. शॉर्टकटआधी कीबोर्ड इंग्रजीवर आणा.

फिनाले या दुसऱ्या स्वरलेखन प्रोग्राममधून आलेल्या फाइलींची एक वेगळी अडचण आहे. फिनालेचा विकास ऑगस्ट २०२४ मध्ये थांबला, त्यामुळे अनेक अरेंजर जुनी कामं म्यूझिकएक्सएमएल या देवाणघेवाणीच्या फाइल-प्रकारातून इकडे आणत आहेत. त्या फाइलीसोबत जुन्या प्रोग्रामची अंतरंही येतात आणि इथल्या नियमांशी भांडत बसतात. प्रेफरन्सेस > इम्पोर्टमध्ये म्यूझिकएक्सएमएलची मांडणी आयात करण्याची खूण काढा आणि फाइल नव्याने उघडा. आधीच उघडून काम केलं असेल तर एक स्पेसर निवडा, राइट क्लिक करून त्याच्यासारखे सगळे घटक निवडा आणि डिलीट करा. सगळं निवडून कंट्रोल + आर दाबलं तर हाताने हलवलेल्या खुणाही मूळ जागी परततात.

## १. कागद, समास आणि स्टाफचा आकार

फॉरमॅट > पेज सेटिंग्ज उघडा. कागद ए४, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. वर आणि खाली १५ मिलिमीटर समास ठेवा. बाजूला स्पायरल लावायचं असेल तर त्या बाजूला २०. समास ५ मिलिमीटरवर आणून जागा मिळवू नका. झेरॉक्सच्या दुकानातली बरीच यंत्रं कागदाच्या काठावर छापतच नाहीत.

सगळी उभी अंतरं स्पेसमध्ये मोजली जातात. एक स्पेस म्हणजे स्टाफच्या दोन लगतच्या रेघांमधलं अंतर. नेहमीची किंमत १.७५ मिलिमीटर, म्हणून पाच रेघांचा स्टाफ ७ मिलिमीटर उंच. ही एक किंमत बदलली की पानावरचं जवळजवळ सगळं लहान-मोठं होतं.

आता कागद-पेन्सिल घ्या. इथे पाच मिनिटं गेली तरी पुढचा तासभर वाचतो.

दोन कडवी असतील तर आवाजांच्या दोन स्टाफमध्ये साधारण ९ स्पेस लागतात, बास आणि पियानोमध्ये १०, पियानोच्या दोन स्टाफमध्ये ६.५. १.७५ च्या स्पेसने:

- सहा स्टाफची उंची: ४२ मिलिमीटर
- आवाजांमधली तीन अंतरं: ४७.२५
- बास ते पियानो: १७.५
- पियानोच्या आत: ११.४

एक सिस्टिम सुमारे ११८ मिलिमीटरची झाली. दोन सिस्टिम आणि त्यांच्यामध्ये १० स्पेस धरले तर २५४. ए४ वर समास सोडून २६७ मिलिमीटर मिळतात, म्हणजे आतली पानं बसतात. पण पहिल्या पानावर शीर्षकाची चौकट असते. तिला १० स्पेस दिले तर एकूण २७१ होतात. चार मिलिमीटर कमी पडले आणि दुसरी सिस्टिम पुढच्या पानावर गेली. सुरुवातीला सांगितलेल्या अर्ध्या कोऱ्या पानाचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं, आणि ते कुठल्याही स्पेसरने सुटत नाही.

उपाय: स्पेस १.६५ करा. स्टाफ ६.६ मिलिमीटरचा होतो, गायकाला फरक जाणवतही नाही, आणि शीर्षकासकट बेरीज २५६ च्या आसपास येते. ११ मिलिमीटर हाताशी राहतात. उंच सूर आणि लांब दांडे त्यात मावतील.

यापुढे जाऊन पानावर तिसरी सिस्टिम कोंबायचा मोह आवरा. सहा स्टाफच्या तीन सिस्टिम बसवायला स्पेस जवळजवळ १.१५ वर आणावी लागते. स्टाफ पाच मिलिमीटरहून लहान होतो आणि सोसायटीच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली मागच्या रांगेला काही दिसत नाही. पानं कमीच करायची असतील तर सोप्रानो-आल्टो एका स्टाफवर आणि टेनर-बास दुसऱ्यावर घ्या. आवाज एका लयीत चालत असतील तर हा मार्ग उत्तम आहे. प्रत्येक आवाजाचे शब्द वेगवेगळ्या वेळी येत असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

तपासा: पहिल्या पानावर आणि आतल्या पानांवर किती सिस्टिम बसाव्यात, हे कागदावर लिहून ठेवलं आहे ना? पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्याच्याशी ताडून पाहायचं आहे.

## २. देवनागरी शब्द: फॉन्ट आणि ओळीची उंची

मराठी स्कोअर इथेच सर्वाधिक बिघडतात. प्रोग्रामच्या मूळ फॉन्टमध्ये, म्हणजे एडविनमध्ये, देवनागरी अक्षरंच नाहीत. तुम्ही मराठी टाइप केलं की संगणक त्याच्याकडचा कुठलातरी देवनागरी फॉन्ट परस्पर वापरतो. विंडोजवर एक, मॅकवर दुसरा. दोन्हींची उंची वेगळी, म्हणून तुमच्याकडे नीट दिसणारी फाइल सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की अंतरं बदललेली असतात. लोक समजतात फाइल खराब झाली.

फॉन्ट स्वतः निवडा. फॉरमॅट > स्टाइल > टेक्स्ट स्टाइल्समध्ये शब्दांसाठी दोन नोंदी असतात: विषम ओळी आणि सम ओळी. दोन्हींना तोच फॉन्ट द्या. एक विसरलात तर पहिलं कडवं एका वळणाचं आणि दुसरं दुसऱ्याच. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त हा फॉन्ट मोकळा आणि लहान आकारातही वाचनीय आहे. पुस्तकी वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी पाहा. आयआयटी मुंबईचा शोभिका जोडाक्षरांसाठी चांगला, पण तो मूळ संस्कृत मजकुरासाठी केलेला आहे, त्यामुळे मराठी ल आणि श यांचं वळण आधी तपासून घ्या. तिन्ही मोफत मिळतात. स्कोअरवर काम करणाऱ्या प्रत्येकाने तोच फॉन्ट बसवलेला असावा.

आकार ११.५ ते १२ पॉइंट ठेवा. शिरोरेषेखालचं अक्षर आणि वरच्या-खालच्या मात्रा अशा तीन मजल्यांत जागा वाटली जात असल्याने १० पॉइंटची देवनागरी स्टँडवर बारीक वाटते. टेक्स्ट स्टाइलमध्ये आकार स्टाफच्या मापाप्रमाणे बदलू देण्याची एक खूण असते. ती चालू असेल तर स्पेस लहान केल्यावर शब्दही लहान होतात: १.५ च्या स्पेसला १२ पॉइंटचा शब्द साधारण १० पॉइंटचाच छापला जातो. म्हणून आधी पहिला टप्पा, मग हा.

आता स्टाइल > लिरिक्स. कडव्यांच्या ओळींची उंची मुळात १०० टक्के असते. ती रोमन लिपीला पुरते. देवनागरीला १२५ पासून सुरुवात करा. स्टाफपासून शब्दांचं किमान अंतरही इथेच मिळतं. एक ते दीड स्पेस पुरेसं आहे.

तपासा: एखाद्या बारमध्ये पहिल्या कडव्याखाली तात्पुरते ‘कृ’, ‘सू’, ‘ष्ट्रू’ आणि दुसऱ्या कडव्यात त्यांच्या बरोबर खाली ‘र्की’, ‘र्षीं’, ‘मैं’ टाका. वरच्याचा पाय आणि खालच्याचं डोकं यांच्यात पांढरी फट दिसली पाहिजे. दिसली नाही तर ओळीची उंची पाच-पाच टक्क्यांनी वाढवा. मग ती अक्षरं पुसून टाका.

अक्षरं तोडण्याबद्दल थोडं. ‘शब्-द’ असं तोडलं की हलंत पायाखाली लोंबतो आणि जागा खातो, ‘श-ब्द’ तोडा. ‘की-र्ती’, ‘सू-र्य’ हेही तसंच. गायलाही हेच सोपं जातं, कारण जोडाक्षर पुढच्या सुरावर उच्चारलं जातं.

## ३. एका सिस्टिममध्ये किती बार

दाटीच्या सिस्टिममध्ये शब्द एकमेकांना ढकलतात, खुणा एकमेकांवर चढतात आणि प्रोग्राम त्यांना वाट करून द्यायला वर-खाली सरकवतो. स्टाफ दूर गेलेला दिसतो, पण मूळ कारण आडवं असतं. म्हणून उभ्या अंतराला हात लावण्याआधी बार वाटून घ्या.

बाररेषा निवडून एंटर दाबलं की तिथे सिस्टिम तुटते. कंट्रोल + एंटर दाबलं की पान. मराठी शब्दांच्या गाण्याला ए४ वर तीन ते चार बार ठीक. द्रुत लयीत भरपूर अक्षरं असतील तर तीनच. ओळीचा शेवट शक्यतो शब्दाच्या शेवटी यावा, म्हणजे आडवी रेघ पुढच्या ओळीत ओढली जाणार नाही. आवृत्ती ४.५ पासून सिस्टिम लॉक करण्याची सोय आहे. ती असेल तर वापरा. पुढे एखादा शब्द बदलला तरी बार इकडचे तिकडे होणार नाहीत.

शेवटचं पान आत्ताच पाहा. त्यावर एकटी सिस्टिम उरत असेल तर आधीच्या पानांमधले बार थोडे पसरा किंवा आवळा.

## ४. सगळ्या स्कोअरची किमान अंतरं

फॉरमॅट > स्टाइल > पेज. इथे उभं जस्टिफिकेशन चालू करण्याची खूण आहे. ती सध्या काढा. ती चालू असताना प्रोग्राम उरलेली जागा आपोआप वाटतो, आणि तुम्ही भरलेली किंमत कमी आहे की जास्त हे कळत नाही.

- स्टाफमधलं अंतर: एका कडव्याला ७ स्पेस, दोन कडव्यांना ९
- पियानोच्या जोडस्टाफमधलं अंतर: ६.५
- सिस्टिममधलं किमान अंतर: १०

हे अंतर वरच्या स्टाफच्या शेवटच्या रेघेपासून खालच्या स्टाफच्या पहिल्या रेघेपर्यंत मोजतात. आकडे कुठून आले? १२ पॉइंटची मराठी ओळ मात्रांसकट साधारण साडेपाच मिलिमीटर घेते. दोन ओळींचे ११, वर स्टाफपासून २, खाली अडीच. बेरीज साडेपंधरा, म्हणजे १.७५ च्या स्पेसने ९ च्या जवळ. तुमचा फॉन्ट वेगळा असेल तर हीच बेरीज त्याच्या मापाने करा.

किमान म्हणजे किमान. टेनरला वरचे सूर असतील तर प्रोग्राम त्या सिस्टिमपुरता स्टाफ आपणहून खाली नेतो. त्यासाठी सगळ्या स्कोअरचं अंतर वाढवायचं नाही. ही चूक फार होते: एका सिस्टिममध्ये अडचण दिसली म्हणून सगळीकडे ९ चे ११ केले, आणि दर पानावर एक सिस्टिम कमी झाली.

पियानोला बासपासून थोडं वेगळं दाखवायचं असेल तर पियानोच्या वरच्या स्टाफवर राइट क्लिक करून स्टाफच्या प्रॉपर्टीज उघडा आणि वरचं जादा अंतर एक स्पेस द्या. हे सगळ्या स्कोअरला लागू होतं, म्हणून ही जागा स्पेसरपेक्षा बरी.

पियानो किंवा एखादा आवाज बराच काळ गप्प असेल तर रिकामे स्टाफ लपवण्याची सोय वापरा. लपवलेल्या प्रत्येक स्टाफमागे सुमारे २० मिलिमीटर मिळतात. मात्र पहिल्या सिस्टिममध्ये सगळे स्टाफ दिसू द्या.

तपासा: पानावर ठरवल्याइतक्याच सिस्टिम आहेत का? खाली कोरी जागा उरली असेल तर चालेल, ती पुढच्या टप्प्यात जाईल. सिस्टिम कमी पडत असेल तर इथे थांबा आणि पहिल्या टप्प्याची बेरीज पुन्हा करा.

## ५. उरलेली जागा वाटणं

आता उभं जस्टिफिकेशन चालू करा. प्रोग्राम खालची जागा सिस्टिम आणि स्टाफ यांच्यात वाटेल. कुठे जास्त जायची हे गुणकांवर ठरतं: सिस्टिममधला गुणक सगळ्यात मोठा ठेवा, कारण गायकाची नजर एका सिस्टिमवरून दुसरीकडे उडी मारते आणि तिथे ठळक फट हवी. आवाजांच्या कंसाच्या वर-खाली त्याहून कमी.

कमाल मर्यादा न घालता हे चालू करणं धोक्याचं आहे. शेवटच्या पानावर जागा भरपूर असली की पियानोचे दोन हात एकमेकांपासून चार बोटं लांब जातात आणि वादकाला ते एक वाद्य म्हणून वाचता येत नाहीत. जोडस्टाफची कमाल ९ स्पेस, इतर स्टाफची १२ आणि सिस्टिमची १६ अशी सुरुवात करा. शेवटच्या पानाखाली थोडी कोरी जागा राहिली तर राहू द्या. ताणलेल्या पानापेक्षा ती चांगली.

इशारा: शेजारच्या दोन पानांवर स्टाफमधली अंतरं डोळ्याला वेगळी जाणवत असतील तर गुणक बदलू नका. एका पानावर सिस्टिम कमी आहे का ते पाहा. बहुतेक वेळा तेच निघतं.

## ६. स्पेसर, आणि तेही मोजके

इथपर्यंत आल्यावर दहा पानांच्या स्कोअरमध्ये दोन-चार जागाच उरायला हव्यात. जास्त उरल्या असतील तर आधीचा एखादा टप्पा सुटला आहे.

लेआउट पॅलेटमध्ये तीन स्पेसर मिळतात. बार निवडा, स्पेसरवर क्लिक करा, मग त्याचं टोक ओढा किंवा प्रॉपर्टीजमध्ये आकडा भरा.

वर ढकलणारा स्पेसर त्या स्टाफच्या वरची जागा वाढवतो. खाली ढकलणारा त्याच्या खालची. दोन्ही फक्त वाढवू शकतात. प्रोग्रामने आधीच जास्त जागा दिली असेल तर त्यांचा काही परिणाम दिसणार नाही, आणि स्पेसर चालत नाही असं वाटेल. तिसरा म्हणजे ठरावीक मापाचा स्पेसर. तो दिलेलं अंतर जसंच्या तसं ठेवतो, मध्ये शब्द असोत की सूर. जागा कमी करायची असेल तर हाच, पण त्याने टक्कर टाळण्याची जबाबदारी पूर्ण तुमची होते. जिथे तो लावला ती जागा जस्टिफिकेशनमध्येही ताणली जात नाही.

स्पेसर एका बारला लावला तरी सगळी सिस्टिम हलते. तो बारला चिकटलेला असतो, सिस्टिमला नाही. बार पुढच्या ओळीत गेला की स्पेसरही गेला. तिसऱ्या टप्प्यात बार पक्के करण्याचं हेच कारण.

एखादी खूणच आड येत असेल तर स्टाफ हलवण्याऐवजी ती खूण हलवा. पण तिचं आपोआप जागा घेणं बंद करू नका. ते बंद केलं की बाकीचे घटक तिला ओळखेनासे होतात, आणि पुढचा शब्द सरळ तिच्यावर छापला जातो.

तपासा: स्क्रीन २०० टक्के मोठी करून एकेक सिस्टिम डावीकडून उजवीकडे पाहा. लक्ष फक्त तीन ठिकाणी: सोप्रानोच्या शब्दांखाली आल्टोचे वरचे सूर, टेनरचे उंच सूर, आणि पियानोच्या डाव्या हाताखालच्या पेडलच्या खुणा.

## ७. वेगवेगळे पार्ट

मुख्य स्कोअरचं अंतर पार्टमध्ये, म्हणजे एकेका आवाजाच्या वेगळ्या प्रतीत, जात नाही. प्रत्येक पार्टची स्टाइल वेगळी असते. एक पार्ट उघडा, तिथे पेजच्या किंमती लावा आणि स्टाइलच्या खिडकीतलं सगळ्या पार्टना लागू करण्याचं बटण दाबा. एका आवाजाच्या पार्टमध्ये स्टाफमधल्या अंतराला अर्थ नाही, कारण स्टाफ एकच. तिथे सिस्टिमचं किमान अंतरच शब्दांना जागा देतं, म्हणून दोन कडव्यांना ते ९ ते १० ठेवा. स्पेस मात्र १.७५ च.

सिबेलियस आणि डोरिको या दुसऱ्या स्वरलेखन प्रोग्राममध्येही क्रम हाच. सिबेलियसमध्ये किमान अंतरं एन्ग्रेव्हिंग रूल्सच्या स्टेव्हज पानावर आहेत, आणि लेआउट टॅबमधलं ऑप्टिमाइझ बटण टकरा सोडवतं. आधी बटण, मग हात. डोरिकोमध्ये लेआउट ऑप्शन्स > व्हर्टिकल स्पेसिंग पूर्ण लावल्याशिवाय एन्ग्रेव्ह मोडमध्ये स्टाफ ओढू नका.

## ८. पीडीएफ आणि छपाई

दुकानात म्यूझस्कोअरची फाइल नेऊ नका, पीडीएफच न्या. त्यात फॉन्ट सोबत जातो. स्टेशनबाहेरच्या दुकानांत प्रिंटच्या खिडकीत कागदात बसवण्याचा पर्याय बहुधा आधीपासून निवडलेला असतो. तो बदलून मूळ आकार किंवा १०० टक्के करायला सांगा. ट्रेमध्ये लीगल कागद असेल तर ए४ टाकून घ्या.

आधी एकच पान काढा आणि पट्टी ठेवा. १.६५ च्या स्पेसला स्टाफ ६.६ मिलिमीटर भरला पाहिजे. ६.२ भरला तर यंत्राने पान लहान केलं आहे. पान स्टँडवर ठेवून हातभर अंतरावरून दुसऱ्या कडव्याचे शब्द वाचून पाहा. दोघांत एक प्रत द्यायची असेल तर थोडं तिरकं उभं राहून वाचा. ऊकार आणि रफार वेगवेगळे दिसले तर बाकीच्या प्रती काढा, शक्यतो ९० किंवा १०० जीएसएमच्या कागदावर. ७० च्या कागदावर पाठपोट छापलं तर मागचे स्टाफ पुढे दिसतात आणि एवढ्या मेहनतीने मोकळी केलेली जागा पुन्हा भरल्यासारखी वाटते.